मोजणीला विरोध कोणाच्या हिताचा? जोयड्यातील दारिद्र्यनिर्मूलन आणि फलिताची नोंद

दारिद्र्य हटवण्याचे काम करणाऱ्या स्थानिक संस्थेने फलित मोजायचे म्हणजे आपण काय काय केले हे न सांगता त्या कामामुळे घराच्या स्थितीत कोणता फरक पडला हे नोंदवायचे. मधमाश्यांच्या किती पेट्या वाटल्या हा झाला कामाचा हिशेब. तिसऱ्या वर्षी त्यांतल्या किती पेट्यांत माश्या आहेत, मध कोणत्या भावाने गेला आणि तो पैसा घरातल्या कोणाच्या हाती आला, हे झाले फलित. पहिला हिशेब संस्थेच्या कपाटातल्या कागदांवरून मांडता येतो. दुसऱ्यासाठी पावसाळ्यानंतर चिखलाची वाट तुडवून पुन्हा त्याच घरी जावे लागते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुक्यात आणि त्याच्यासारख्या डोंगराळ भागांत काम करणाऱ्यांच्या वार्षिक अहवालांची भिस्त प्रामुख्याने पहिल्या हिशेबावर असते, आणि दुसऱ्याची मागणी झाली की ठरलेली उत्तरे पुढे येतात: माणसांचे काम आकड्यांत मावत नाही; तालुका लहान, वस्त्या विखुरलेल्या; बदल कशामुळे झाला हे सांगता येत नाही; मोजमाप म्हणजे देणगीदारांची पाळत; आणि आकडे वाईट निघाले तर चालू मदतही बंद पडेल. या उत्तरांपैकी काहींत तथ्य आहे. मात्र एकानेही मोजणी टाळण्याचा निष्कर्ष सिद्ध होत नाही.

मराठी वाचकाला हा तालुका सीमाप्रश्नाच्या यादीतले ‘सुपे’ म्हणून ओळखीचा आहे. काळी नदीवरच्या सुपा धरणात जुने सुपे गाव बुडाले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि विस्थापितांची वसाहत रामनगरला झाली. क्षेत्रफळ सुमारे 1,900 चौरस किलोमीटर, म्हणजे जिल्ह्यात सर्वांत मोठे. लोकसंख्या मात्र 50 हजारांच्या आसपास. बहुतेक भूभाग जंगलाचा, आणि त्यातला मोठा हिस्सा 2007 साली जाहीर झालेल्या व पुढे काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळालेल्या क्षेत्रात मोडतो. कुणबी, सिद्दी, गवळी या समाजांच्या वाड्या दरीखोऱ्यांत पसरलेल्या आहेत. भातशेतीचे छोटे तुकडे, परसातले कंद, कोकम, मध, शिकेकाई, जनावरे आणि गोव्यातली मजुरी यांवर घर चालते. इथली गरिबी एका रोजंदारीच्या आकड्यात दिसत नाही, हे खरे. पण ‘एका आकड्यात दिसत नाही’ याचा अर्थ ‘मोजताच येत नाही’ असा होत नसतो. आक्षेपांच्या मुळाशी नेमका हाच गोंधळ आहे.

पहिला आक्षेप म्हणतो की विश्वास, आत्मसन्मान, संघटन या गोष्टी मोजण्याच्या पलीकडच्या आहेत. हा आक्षेप घेणाऱ्यांनी महाराष्ट्रातलाच अनुभव पाहावा. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला तेव्हा किती आरोग्यदूत प्रशिक्षित झाले एवढे सांगून ती संस्था थांबली नाही. प्रयोगाची 39 गावे आणि तुलनेची 47 गावे धरून प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू टिपला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत सुमारे 62 टक्के घट दिसली आणि 1999 साली तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्या प्रयोगात गावातल्या बाईवर विश्वास टाकावा लागला, आईशी बोलावे लागले, बाळंतिणीच्या खोलीत शिरावे लागले. यातले सारे नाजूक काम मोजणीमुळे बिघडले नाही; मोजणीमुळेच ते इतर राज्यांपर्यंत आणि सरकारी धोरणापर्यंत पोहोचू शकले. पुढे 2001 साली महाराष्ट्रातल्या अनेक स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन ‘कोवळी पानगळ’ हा बालमृत्यूंचा अहवाल काढला. सरकारी नोंदींत कितीतरी मृत्यू येतच नाहीत, हे त्यांनी आपापल्या गावांतल्या मोजणीने दाखवले आणि राज्य सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. त्या संस्थांकडे मोठी यंत्रणा नव्हती. गावे ओळखीची होती आणि आकडा नेमका ठेवण्याची तयारी होती. ज्या मृत्यूंची नोंद नव्हती त्यांच्याबद्दल कितीही कळवळ्याने लिहिले असते तरी मंत्रालयात त्याचे काही चालले नसते.

शिक्षणातही असेच घडले. ‘प्रथम’ या संस्थेने 2005 पासून ‘असर’ पाहणी सुरू केली तेव्हा पटनोंदणीचे आकडे समाधानकारक होते. मुलासमोर एक सोपा परिच्छेद ठेवून ‘वाच’ म्हटल्यावर पाचवीतल्या अनेक मुलांना दुसरीच्या पातळीचे वाचता येत नाही हे उघड झाले. साधन म्हणजे एक कागद. तो कागद घेऊन कोणताही कार्यकर्ता कोणत्याही घराच्या ओसरीवर बसू शकतो, आणि जोयड्याच्या वाडीतही बसू शकतो.

आत्मसन्मानाचेही मोजमाप होते, फक्त ते वागण्यात शोधावे लागते. गेल्या वर्षी ग्रामसभेत तोंड न उघडलेली सिद्दी वाडीतली बाई या वर्षी रस्त्याबद्दल प्रश्न विचारते का; अर्ज दिल्यावर पोच मागते का; रेशन कमी मिळाले तर दुकानदाराला जाब विचारते का. ही दिसणारी, मोजता येणारी कृत्ये आहेत. ‘महिलांचे सक्षमीकरण झाले’ या अहवालातल्या वाक्याला त्यांचा आधार नसेल, तर ते वाक्य वाचकाला काहीच सांगत नाही.

जंगलहक्काच्या बाबतीत फलित न मोजण्याची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते. 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या माणसाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, तर इतर पारंपरिक वननिवासींना त्या तारखेआधी तीन पिढ्यांचे, म्हणजे 75 वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. गोव्यातल्या कुणब्यांना 2003 साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना त्याच वर्षी मिळाला. जोयड्याच्या कुणब्यांची तीच मागणी अजून अपूर्ण आहे. त्यामुळे एकाच जंगलात शेजारी राहणाऱ्या दोन घरांपैकी एकाला ताब्याचा पुरावा पुरतो आणि दुसऱ्याला आजोबा-पणजोबांच्या काळातला कागद शोधत फिरावे लागते. कुमरी, म्हणजे फिरती शेती एकोणिसाव्या शतकातच इंग्रज सरकारने आवळत नेली. ती करणाऱ्यांच्या नावावर शेताचा उतारा असण्याचे कारणच नव्हते. आता या कामात उतरलेली संस्था ‘इतके दावे भरून दिले’ असे सांगते. दाव्यांचा आकडा मोठा असला तरी तो संस्थेच्या श्रमाचा आकडा आहे. त्यानंतरचे प्रश्न असे: किती दावे ग्रामसभेने मान्य केले, किती उपविभागीय समितीत अडकले, किती फेटाळले गेले, फेटाळल्याचे कारण लेखी मिळाले का, अपील झाले का, पट्टा हाती आला तो मागितलेल्या क्षेत्राचा की त्याच्या तुकड्याचा, आणि पट्टा मिळाल्यावर वनखात्याची अडवणूक थांबली का. उत्तर कन्नडमध्ये फेटाळलेल्या दाव्यांचा ढीग मोठा आहे, ही सर्वज्ञात गोष्ट. अशा जिल्ह्यात ‘भरलेले दावे’ हे यशाचे माप धरणे म्हणजे रुग्णालयाने केवळ दाखल झालेल्या रुग्णांची संख्या सांगून किती बरे झाले हे दडवण्यासारखे आहे. प्रत्येक दाव्याचा टप्पा कागदावर असेल तर फेटाळण्याची कारणे एकत्र ठेवता येतात. वीस दावे एकाच कारणाने अडले असतील, तर अडचण त्या वीस कुटुंबांच्या कागदांत नसून समितीच्या अर्थ लावण्यात आहे, हे सिद्ध करता येते. मोजणी हे लोकांच्या बाजूने लढण्याचे हत्यार कसे ठरते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण तालुक्यात सापडणार नाही.

व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबांचेही असेच आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या ऐच्छिक पुनर्वसन योजनेत प्रत्येक कुटुंबामागे पूर्वी 10 लाख आणि 2021 नंतर 15 लाख रुपयांची तरतूद आहे. ‘इतकी कुटुंबे स्थलांतरित’ हा प्रशासनाचा आकडा. तो फलित म्हणून सांगितला जातो. पण जंगल सोडलेल्या कुणबी किंवा गवळी घराच्या दृष्टीने तो फक्त सुरुवातीचा दिवस आहे. पाच वर्षांनी त्या घराच्या नावावर जमीन आहे का, ठेवीतली रक्कम शिल्लक आहे की आजारपणात गेली, जनावरांना चारा आहे का, मुले शाळेत आहेत की मजुरीला, आणि ‘ऐच्छिक’ होकार देताना घरातल्या बाईला विचारले होते का. हे प्रश्न विचारणारी नोंद जागेवरच्या संस्थांनी ठेवली नाही तर ती कोणीच ठेवणार नाही, आणि पुढच्या कुटुंबाला निर्णय घेताना आधीच्यांचा अनुभव आकड्यांसह समोर मांडता येणार नाही. या बाबतीत मौन पाळणे ही संस्थेची तटस्थता नसून लोकांवर होणारा अन्याय आहे.

बचतगटांविषयी थोडक्यात. कर्नाटकात बचतगटांची परंपरा जुनी आहे. 1980 च्या दशकाच्या मध्यात ‘मायराडा’ या संस्थेने या राज्यातच असे गट उभे केले. गटाच्या यशाचे माप म्हणून परतफेडीचे प्रमाण सर्वत्र सांगितले जाते. परतफेड शंभर टक्के असूनही घर कर्जात रुतलेले असू शकते, कारण गटाचा हप्ता मायक्रोफायनान्स कंपनीच्या कर्जातून भरला जातो. वसुलीच्या जाचामुळे 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला सक्तीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढावा लागला. त्याआधीच्या अहवालांत परतफेडीचे आकडे उत्तमच होते. घराचे एकूण कर्ज, त्याचे स्रोत आणि व्याज विचारल्याशिवाय बचतगटाबद्दल काहीही बोलू नये.

बदल नेमका कशामुळे झाला हे सांगता येत नाही, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्याला सरधोपट उत्तर देऊन चालणार नाही. 2023 पासून कर्नाटकात गृहलक्ष्मी योजनेतून कुटुंबप्रमुख बाईला महिन्याला 2,000 रुपये मिळू लागले. वर्षाला 24,000. एखाद्या संस्थेने 2022 ते 2025 दरम्यान गांडूळखताचे प्रशिक्षण दिले आणि ‘कुटुंबाचे उत्पन्न 20,000 रुपयांनी वाढले’ असे लिहिले, तर ती वाढ गांडूळखताची नसून सरकारी हप्त्याची असण्याचीच शक्यता अधिक. किंबहुना बाकीचे उत्पन्न घटलेही असेल. त्याच काळात स्त्रियांना बस फुकट झाली, पण ज्या वाडीपर्यंत बसच येत नाही तिथे त्या सवलतीचा उपयोग नाही. कोकमाचा भाव, पावसाची ओढ, रानडुकरांनी केलेली नासाडी, गोव्यातल्या बांधकामांची तेजी-मंदी, या सगळ्यांचा हात घराच्या उत्पन्नाला लागतो.

ही अडचण खरी आहे. तिचे उत्तर मोजणी सोडून देणे हे असू शकत नाही. अधिक प्रामाणिकपणे मोजणे हेच आहे. त्यासाठी तीन गोष्टी पुरतात, आणि त्या तिन्ही साध्या आहेत. उत्पन्न एका बेरजेत न लिहिता उगमाप्रमाणे लिहावे: शेत, जंगल, जनावरे, मजुरी, सरकारी हप्ता, बाहेरगावाहून आलेला पैसा. असे लिहिले की गृहलक्ष्मीचे 24,000 वेगळ्या रकान्यात जातात आणि संस्थेला त्यावर हक्क सांगता येत नाही. दुसरे म्हणजे तुलना. संस्था एकाच वर्षी सर्व वाड्यांत पोहोचत नाही. पैसे आणि माणसे कमी असल्याने काही वाड्या पहिल्या वर्षी आणि काही तिसऱ्या वर्षी घेतल्या जातात. तिसऱ्या वर्षाच्या वाड्यांची नोंद पहिल्याच वर्षापासून ठेवली तर तुलनेचा गट आपोआप मिळतो, आणि कोणालाही मुद्दाम मदतीपासून दूर ठेवावे लागत नाही. गडचिरोलीतल्या तुलनेच्या गावांबद्दल नैतिक प्रश्न विचारले जातात. इथे ते उद्भवत नाहीत. तिसरे, ऋतू. डिसेंबर-जानेवारीत मुडली, कोनफळे, करांदे, कणग्या निघतात. जोयड्याच्या कुणबी समाजभवनात कंदमेळा भरतो. घरात धान्य असते. त्या महिन्यात केलेली पाहणी सुबत्ता दाखवील. आषाढ-श्रावणात, कामे बंद आणि वाटा तुटलेल्या असताना, तेच घर उसनवारी करते. वर्षातून एकदाच मोजायचे असेल तर ते पावसाळ्यात मोजावे, कारण गरिबी खरी कळते ती तेव्हा. कार्यकर्त्यांना डिसेंबर सोयीचा असतो म्हणून पाहणी डिसेंबरात ठेवली जाते. ही सवय मोडलीच पाहिजे.

एवढे करूनही संस्थेचा वाटा पैशापर्यंत नेमका ठरणार नाही. तो ठरवण्याची गरजही नाही. ‘आमच्यामुळेच झाले’ हे सिद्ध करण्यापेक्षा ‘ज्या घरांत आम्ही गेलो तिथे अपेक्षित बदल दिसतो की नाही’ हे तपासणे जागेवरच्या संस्थेचे काम आहे. नेमके कार्यकारण शोधण्याचे काम मोठ्या अभ्यासांवर सोपवता येते आणि ते झालेलेही आहे. अतिगरीब कुटुंबांना जनावर किंवा साधन, काही महिन्यांचा निर्वाहभत्ता, प्रशिक्षण आणि नियमित भेटी असे एकत्र देण्याची जी पद्धत बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ या संस्थेने 2002 मध्ये सुरू केली, तिची सहा देशांत तपासणी होऊन 2015 साली निष्कर्ष छापले गेले; भारतातला भाग पश्चिम बंगालमध्ये ‘बंधन’ने चालवला होता. मदत संपल्यानंतर एक वर्षानेही कुटुंबांचा खर्च आणि मालमत्ता वरच राहिली, हे त्यातून दिसले. अशी पद्धत जोयड्यात राबवणाऱ्या संस्थेला ती मुळात चालते का हे नव्याने सिद्ध करायचे नाही. इथे ती नीट राबवली गेली का आणि इथल्या घरांत तिचा परिणाम दिसतो का, एवढेच पाहायचे आहे.

लहान आकड्यांचा आक्षेप मात्र बहुतांशी गणिताच्या गैरसमजातून येतो. वीस घरांच्या वाडीत एक घर म्हणजे पाच टक्के. दोन घरांत आजारपण आले तर टक्केवारी दहाने बदलते. म्हणून अशा ठिकाणी टक्केवारी लिहूच नये. घरे मोजावीत आणि प्रत्येक घराचे काय झाले ते लिहावे. मोठ्या शहरातल्या यंत्रणेला नमुना निवडावा लागतो आणि त्यातून अंदाज बांधावा लागतो. जोयड्यातल्या संस्थेला सर्व घरे गाठता येतात. लहानपणा ही इथे उणीव नसून सोय आहे. उलट राष्ट्रीय पातळीवरचे आकडे इथे निरुपयोगी ठरतात. नीती आयोगाच्या बहुआयामी दारिद्र्य निर्देशांकात 12 निकष आहेत आणि त्यानुसार देशातले प्रमाण 2015-16 मधल्या 24.85 टक्क्यांवरून 2019-21 मध्ये 14.96 टक्क्यांवर आले. त्या निकषांत बँक खाते आहे, वीज आहे, शौचालय आहे. जनधन योजनेनंतर जवळजवळ प्रत्येक घरात खाते आहे. त्यात पैसे आहेत का आणि ते काढायला किती कोस चालावे लागते, हे तो निकष सांगत नाही. अशा निर्देशांकावरून एखाद्या दूरच्या वाडीबद्दल काही ठरवणे चूक होईल. स्थानिक मोजणीची गरज यातूनच निर्माण होते.

खर्चाचे गणितही तपासून पाहावे. 200 घरे, वर्षातून दोन भेटी, प्रत्येक भेटीला पाऊण तास धरला तर 300 तास होतात. चार पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या संस्थेचे वर्षाचे तास 8,000 च्या घरात जातात. म्हणजे चार टक्क्यांहून कमी. त्यात चालण्याचा वेळ मिळवला तरी हा बोजा एखाद्या उद्घाटन समारंभाच्या तयारीहून फार वेगळा नाही. वेळ खरा खातो तो पन्नास-साठ प्रश्नांच्या लांबलचक फॉर्ममध्ये, जो देणगीदाराने दुसऱ्याच प्रदेशासाठी बनवलेला असतो. तो फॉर्म नाकारण्याचा अधिकार संस्थांनी वापरावा.

पाळतीच्या आक्षेपापाशी थांबून विचार करावा लागतो, कारण गरिबांच्या मोजणीचा भारतातला इतिहास खरोखरच वाईट आहे. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी 2023 पासून मोबाइल अॅपवरच्या फोटोने घेणे सक्तीचे झाले. कामावर दिवसातून दोनदा फोटो. ज्या डोंगरात नेटवर्कच मिळत नाही तिथल्या मजुराने काम करूनही त्याची हजेरी लागली नाही तर मजुरी बुडते. 2002 च्या दारिद्र्यरेषेच्या पाहणीत 13 निकषांवर प्रत्येक कुटुंबाला 52 पैकी गुण दिले गेले आणि त्या गुणांवर कार्ड ठरले. असा अनुभव घेतलेल्या माणसाने वही घेऊन आलेल्याला पाहून सावध व्हावे, हे स्वाभाविकच आहे. पण यातले पहिले मोजमाप हजेरीचे आहे, फलिताचे नाही. त्या कामातून बांधलेला बंधारा पाणी धरतो का, हे अॅप विचारत नाही. दुसरे मोजमाप पात्रतेचे आहे. पात्रता आणि फलित एकाच वहीत मोजले की दोन्ही बिघडतात. स्थिती सुधारली म्हणून सांगितले तर कार्ड जाईल ही भीती असेल, तर कोणीही सुधारणा सांगणार नाही; आणि स्थिती बिघडली म्हटल्यावर नवे काही मिळेल अशी आशा असेल, तर बिघाडच सांगितला जाईल. म्हणून संस्थेने हे आधीच जाहीर करावे आणि काटेकोर पाळावे: फलिताच्या नोंदीतले कोणतेही घरनिहाय उत्तर तहसील कचेरीला, पंचायतीला, वनखात्याला किंवा देणगीदाराला दिले जाणार नाही. वनहक्काच्या आणि जंगलउत्पन्नाच्या बाबतीत हा नियम विशेष कडक हवा, कारण अभयारण्यात गोळा केलेल्या मधाची नोंद उद्या गुन्ह्याचा पुरावा ठरू शकते.

मोजमाप बाहेरून लादले जाऊ नये यासाठी निकष कोण ठरवतो हे महत्त्वाचे आहे. अमेरिकेत 1964 च्या गरिबीविरोधी कायद्यातून उभ्या राहिलेल्या सामुदायिक कृती संस्थांनी 1994 पासून फलिताधारित व्यवस्थापनाची पद्धत स्वीकारली आणि 1998 च्या कायद्याने ती किंवा तशी पर्यायी पद्धत सर्व राज्यांना 2001 पर्यंत लागू करायला लावली. त्या पद्धतीत राष्ट्रीय उद्दिष्टे मोजकी आहेत, त्यांखालचे निकष स्थानिक संस्था निवडते, आणि संस्थेच्या संचालक मंडळात किमान एकतृतीयांश जागा गरीब समाजाच्या प्रतिनिधींना द्याव्या लागतात. कुटुंबाची स्थिती संकटापासून भरभराटीपर्यंतच्या पायऱ्यांवर मांडण्याचीही तिथे रीत आहे. आपल्याकडे अभ्यासक अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थानातून सुरू केलेली ‘प्रगतीच्या पायऱ्या’ ही पद्धत याहून पुढे जाते. गावकरी एकत्र बसून सांगतात की अगदी गरीब घराकडे थोडे पैसे आले तर ते आधी काय करते, मग काय, आणि कोणत्या पायरीनंतर त्याला कोणी गरीब म्हणत नाही. मग प्रत्येक घर पूर्वी कोणत्या पायरीवर होते आणि आज कुठे आहे, हे सर्वांसमक्ष नोंदले जाते. जोयड्याच्या कुणबी वाडीत या पायऱ्या बहुधा पोटभर भात, पाऊस न गळणारे छप्पर, मुलांची शाळा, स्वतःची दुभती जनावरे अशा येतील. गवळ्यांच्या वस्तीत चाऱ्याची हमी वर येईल. दोन समाजांच्या पायऱ्या वेगळ्या असल्या तर तसेच राहू द्यावे. त्या जुळवून एकच तक्ता करण्याचा मोह देणगीदाराला होतो, संस्थेला होऊ नये.

भाषेचे भान इथे अनिवार्य आहे. कुणबी कोकणी बोलतात, गवळ्यांची बोली मराठीच्या जवळची, सिद्दींच्या घरात कोकणी, मराठी आणि कानडीची सरमिसळ, आणि फॉर्म असतो कानडीत किंवा इंग्रजीत. प्रश्न तोंडी, घरच्या बोलीत आणि बाईला वेगळा विचारला गेला नाही, तर उत्तर पुरुषाचे आणि फॉर्मच्या सोयीचे येते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागे वर्षानुवर्षे चाललेले अभ्यासगट होते. जंगलाचे, मधाचे, बांबूचे हिशेब गोंडी बोलणारे गावकरी स्वतः मांडत होते. ‘अशिक्षित लोक आकडे समजू शकत नाहीत’ हा समज त्या एका गावाने खोटा पाडला आहे.

शेवटचा आक्षेप भीतीचा आहे: फलित वाईट दिसले तर निधी थांबेल. ही भीती खोटी नाही. देणगीदारांनी घसरलेला आकडा पाहून प्रकल्प बंद केल्याचे प्रसंग घडतात आणि त्याचा भार वाडीतल्या घरांवर पडतो. म्हणून करारातच लिहून घ्यावे की खाली आलेल्या आकड्यावरून काम थांबवता येणार नाही, आधी कारण शोधायचे. कृष्ण यांच्या अभ्यासांतून एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. गरिबीतून घरे वर येत असताना त्याच गावात दुसरी घरे गरिबीत कोसळत असतात, आणि कोसळण्यामागे आजारपण व औषधपाण्याचा खर्च हे सर्वांत मोठे कारण असते. केवळ निव्वळ आकडा पाहणाऱ्या संस्थेला पाच घरे वर आली आणि पाच खाली गेली, तर काहीच घडले नाही असे वाटेल. वर आलेली आणि खाली गेलेली घरे वेगळी मोजली तर दोन वेगळी कामे दिसतात: पाच घरांना वर आणणारे काम चालू ठेवायचे आणि पाच घरांना बुडवणारा दवाखान्याचा खर्च रोखायचा. जोयड्यासारख्या ठिकाणी, जिथे गंभीर रुग्णाला कारवार, बेळगाव, हुबळी किंवा गोव्याला न्यावे लागते, तिथे दुसरे काम पहिल्याहून तातडीचे असू शकते. मोजणी न केलेल्या संस्थेला हे कधीच कळणार नाही. ती कंदलागवडीचे आणखी एक शिबिर घेईल.

प्रत्यक्षात सुरुवात करताना पाच-सहा निकष पुरेत: पावसाळ्यात किती दिवस दोन वेळचे जेवण तुटले, घराचे एकूण कर्ज व त्याचा उगम, उगमाप्रमाणे उत्पन्न, जमिनीच्या हक्काचा टप्पा, गेल्या वर्षातला आजारपणाचा खर्च, आणि घरातल्या बाईने स्वतः घेतलेले निर्णय. पहिली नोंद काम सुरू होण्याआधी घ्यावी. काम सुरू झाल्यावर ‘तीन वर्षांपूर्वी कसे होते’ हे आठवून विचारले तर उत्तर आजच्या मनःस्थितीप्रमाणे येते. दरवर्षी त्याच घरांची नोंद घ्यावी, गोव्याला गेलेल्या घरालाही वगळू नये, कारण गाव सोडावे लागणे हेच अनेकदा सर्वांत मोठे फलित असते. आलेले आकडे घरांची नावे काढून वाडीच्या बैठकीत मोठ्याने वाचावेत, चुकीचे वाटेल ते तिथल्या तिथे दुरुस्त करावे, आणि मगच अहवालात घालावेत. रोजगार हमी कायद्याच्या कलम 17 ने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला होता. स्वयंसेवी संस्थांना तो लागू नव्हता. त्यांनी तो आपणहून लावून घ्यावा, आणि गावाने वाचून मान्य केलेली प्रतच देणगीदाराकडे पाठवावी.